कुठले कष्ट वाचवायचे? : कॉलेजातलं अध्यापन आणि एआय

मागच्या वर्षी एसवायच्या कृषी अर्थशास्त्राच्या वर्गाला मी एक काम दिलं होतं. घरचा किंवा शेजारचा माल बाजार समितीत गेला की हातात जी हिशोबपट्टी पडते, ती आणायची आणि तिच्यावरची एकेक ओळ समजावून लिहायची. आमचं कॉलेज नाशिक जिल्ह्यात, ऐन कांद्याच्या पट्ट्यात. वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरी खिळ्याला पट्ट्यांची चळत टोचलेली असते. तरीही आलेल्या ८४ कामांपैकी पंचवीस-तीस कामं जुळी भावंडं असावीत तशी होती. बाजार समित्या महत्त्वपूर्ण भूमिका बजावतात इथून सुरुवात, मग शेतकऱ्याच्या रकमेतून आडत, हमाली, तोलाई वजा केली जाते असं एक वाक्य, आणि शेवटी शाश्वत विकास.

एका मुलाने हे सगळं लिहून खाली वडिलांची खरी पट्टी चिकटवली होती. मी त्याला बोलावून घेतलं, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हटलं, "आडत कुठे कापलीय, दाखव बरं." त्याने पट्टीवरून बोट फिरवलं. वजन, भाव, एकूण रक्कम, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. "मॅडम, आडत तर नाहीच यात." थोडा वेळ थांबून तोच म्हणाला, "पप्पांना फोन लावू का?"

वडिलांनी फोनवर सांगितलं की पूर्वी आडत आपल्याकडून कापायचे, आता व्यापाऱ्याकडून घेतात. २०१६ साली राज्य सरकारने फळं, भाजीपाला, कांदा-बटाटा यांची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचा निर्णय केला, त्यावरून व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले होते. चॅटजीपीटीने मुलाला दिलेलं उत्तर त्याआधीच्या व्यवस्थेचं होतं. ते वाक्य अगदी नेटकं, शुद्ध आणि त्याच्या स्वतःच्या घरापुरतं चुकीचं होतं. पट्टी त्याच्या हातात होती, वडील फोनवर होते, आणि तरी त्याने आधी यंत्राला विचारलं. मला त्याचा राग आला नाही. त्याला आधी यंत्राकडे जावंसं का वाटलं, याचा विचार मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्याच निमित्ताने गेल्या तीन वर्षांत जगभरच्या कॉलेजांत या प्रश्नावर काय काय करून पाहिलं गेलं आणि त्यातून काय हाती आलं, ते इथे मांडते आहे.

चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुलं झालं. पहिली प्रतिक्रिया बंदीची होती. न्यू यॉर्क शहराच्या सरकारी शाळांनी जानेवारी २०२३ मध्ये आपल्या यंत्रणेवर ते बंद केलं आणि मे महिन्यात बंदी मागेही घेतली. मुलांच्या खिशात स्वतःचा फोन असताना शाळेच्या वायफायवरून काय बंद करणार? आपल्याकडे औपचारिक बंदी फारशी कुणी घातली नाही, पण स्टाफरूममध्ये सूर तोच होता. पुढची पायरी पकडण्याची. मजकूर माणसाने लिहिलाय की यंत्राने, हे सांगणारी डिटेक्टर नावाची साधनं आली आणि शिक्षकांना हायसं वाटलं. या डिटेक्टरांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडे त्यांच्यावरचा विश्वास अजून ओसरलेला नाही.

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन बाजारात आणलं. कंपनीने स्वतःच्या चाचणीत जाहीर केलेला आकडा असा: यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच ते ओळखू शकलं आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर त्याने यंत्राचा शिक्का मारला. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचं सांगून ते मागे घेण्यात आलं. ज्यांनी यंत्र घडवलं त्यांनाच त्याचा हात ओळखता येईना.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले ९१ निबंध त्यांनी या साधनांना दिले. सरासरी ६१ टक्के निबंधांना यंत्राने लिहिलेलं ठरवलं गेलं. कारण समजून घेण्यासारखं आहे. ही साधनं मजकुरात पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. ज्याचा इंग्रजी शब्दसंग्रह मोजका, जो पाठ केलेल्या वाक्यरचना जपून वापरतो, त्याचं लिखाण अपेक्षित असणारच. म्हणजे मराठी माध्यमातून आलेली, तर्खडकरी वळणाचं इंग्रजी मेहनतीने शिकलेली जी मुलगी आहे, तिलाच हे साधन पहिल्यांदा चोर ठरवणार.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशोब केला. २०२२ मध्ये त्यांच्याकडे टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या साधनातून ७५,००० पेपर तपासले गेले होते. त्याच्या डिटेक्टरची चूक कंपनी म्हणते तशी एकच टक्का धरली तरी ७५० पेपरांवर खोटा आळ येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी टर्निटिनमधला हा डिटेक्टर बंद केला. आपल्याकडेही हा प्रश्न कोर्टापर्यंत गेला आहे. २०२४ मध्ये हरियाणातल्या एका खासगी विद्यापीठात कायद्याचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला, त्याचं उत्तर ८८ टक्के एआयने लिहिलेलं असल्याचं सांगून नापास करण्यात आलं. तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला आणि विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केलं. त्याला कोर्टाची पायरी चढणं जमलं. आमच्या एफवायच्या मुलाला कुठलं जमणार?

हे सगळं मी वाचलं ते उशिरा. त्याआधी माझ्या हातून एक अन्याय झाला आहे. एफवायच्या एका मुलीने ग्रामीण पतपुरवठ्यावर इतकं बांधेसूद मराठी लिहिलं की मी भर वर्गात तिला विचारलं, "हे तू लिहिलंस का?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने टेबलावर एक कच्ची वही ठेवली. तीन वेळा लिहिलेलं, खाडाखोड केलेलं, समासात बचत गटाच्या सभेतल्या नोंदी. आई गटाची सचिव, आणि सभेचं इतिवृत्त ही मुलगी सातवीपासून लिहून देत आलेली. भाषा तिथून आली होती. मी वर्गातच तिची माफी मागितली. पण त्या सेमिस्टरभर तिने पुन्हा तेवढं मोकळं काही लिहिलं नाही. आळ मागे घेतला तरी तो घेतला होता हे मुलं विसरत नाहीत.

टक्क्यांवर विसंबण्याची ही सवय आपल्याला आधीपासून आहे. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांनी पीएच.डी. प्रबंधासाठी साधर्म्याच्या पायऱ्या ठरवल्या: १० टक्क्यांपर्यंत माफ, मग १० ते ४०, ४० ते ६० आणि त्यापुढे कडक शिक्षा. हेतू चांगला होता. व्यवहारात मात्र प्रबंधात काय म्हटलंय यापेक्षा 'किती टक्के आलं?' हाच प्रश्न मोठा झाला, आणि शब्द फिरवून टक्के खाली आणण्याचा धंदा झेरॉक्सच्या दुकानांत सुरू झाला. साधर्म्याचा आकडा निदान दाखवता येतो: हे वाक्य इथे आहे, ते तिथे आहे. एआयचा टक्का तसा दाखवता येत नाही. तो अंदाज आहे, आणि अंदाजावर कुणाचं वर्ष वाया घालवता येत नाही.

एवढी चिंता करताना एक गोष्ट मान्य करायला हवी. यंत्र येण्याआधीही आपली इंटर्नलची व्यवस्था निरोगी नव्हती. गाइड होतं, अपेक्षित प्रश्नसंच होता, वरच्या वर्गाची जर्नल उतरवून काढणं होतं. पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे आठ-दहा पानं नेटवरून काढून स्पायरल बाइंडिंग. आम्ही शिक्षक तो वजनावर तपासायचो, हेही खरंच आहे. न वाचला जाणारा प्रकल्प मागायचा आणि मुलाने तो न लिहिता दिला की त्याला अप्रामाणिक म्हणायचं, हे मला आता पटत नाही. एआयने ही पळवाट सगळ्यांसाठी फुकट आणि सोपी केली, एवढंच त्याचं कर्तृत्व.

मग खरा प्रश्न येतो शिकण्याचा. यंत्र हाताशी असलं की मूल जास्त शिकतं की कमी? यावर दोन प्रयोग मला सर्वांत बोलके वाटतात, आणि ते शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

पहिला तुर्कस्तानातला. माध्यमिक शाळेतले जवळपास १,००० विद्यार्थी, विषय गणित. सरावाच्या तासाला एका गटाला साधं चॅटजीपीटीसारखं साधन दिलं, दुसऱ्याला शिक्षकांनी घडवलेलं, उत्तर न सांगता फक्त सूचना देणारं साधन, आणि तिसऱ्याला फक्त पुस्तक आणि वही. सरावात पहिल्या गटाचे गुण ४८ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्याचे १२७ टक्क्यांनी. मग यंत्र काढून घेतलं आणि परीक्षा घेतली. पहिला गट पुस्तक-वही गटापेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. सूचना देणाऱ्या साधनाच्या गटाचं हे नुकसान जवळजवळ भरून निघालं, पण तो पुढेही गेला नाही. म्हणजे सरावातली ती १२७ टक्क्यांची उडी परीक्षेत उतरलीच नाही. पहिल्या गटातली मुलं यंत्राला बहुतेक वेळा सरळ उत्तरच मागत होती. शिवाय आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलंही नाही.

दुसरा प्रयोग हार्वर्ड विद्यापीठातला, २०२३ च्या शरद सत्रातला. भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे १९४ विद्यार्थी. एका धड्याला अर्ध्यांनी वर्गात गटचर्चेच्या पद्धतीने शिकायचं, अर्ध्यांनी घरी एआय शिकवणीसोबत. पुढच्या धड्याला अदलाबदल. एआयसोबत शिकलेल्यांनी कमी वेळात जास्त आत्मसात केलं. वृत्तपत्रांनी इथपर्यंतचं छापलं. त्या शिकवणीत शिक्षकांनी प्रत्येक प्रश्नाची पायरीपायरीने सोडवणूक आधीच लिहून ठेवली होती, यंत्राने एका वेळी एकच पायरी पुढे करायची, उत्तर हातात द्यायचं नाही, अशी त्याची बांधणी होती, हे बातमीत राहून गेलं. हार्वर्डच्याच संगणकशास्त्राच्या सीएस५० अभ्यासक्रमातही २०२३ पासून असंच एक साधन आहे. ते विद्यार्थ्याला प्रोग्राम लिहून देत नाही, कुठे अडलंय ते विचारत राहतं.

दोन्ही प्रयोग एकच गोष्ट सांगतात. शिकण्यात काही कष्ट असे असतात की तेच म्हणजे शिकणं. काही कष्ट नुसते वाटेतले दगड असतात. कुठले कुठले, हे विषयागणिक बदलतं आणि ते विषय शिकवणाऱ्यालाच ठरवता येतं. माझ्या विषयात मागणीची लवचिकता काढताना टक्केवारीचा भागाकार हा दगड आहे. कॅल्क्युलेटरने आधीच उचलला. पण कांद्याचा भाव दुप्पट झाला तरी घरात कांदा येणं फारसं कमी का होत नाही, याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत जुळवणं हे शिकणं आहे. ते यंत्राने केलं तर मुलाकडे काहीच उरत नाही. मराठीच्या प्राध्यापकांचं गणित उलटं असेल: त्यांच्याकडे वाक्य जुळवणं हेच मुख्य काम. वाणिज्य विभागात ताळेबंद टॅलीत भरणं यंत्राने केलं तर चालेल, पण नोंद नावे की जमा हे कळलंच पाहिजे. सगळ्या कॉलेजसाठी मिळून एकच नियम करायला गेलं की तो म्हणूनच फसतो.

या दिशेने काही ठिकाणी चांगली मांडणी झाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे दोन मार्ग केले. एका मार्गावर परीक्षा समोर बसवून, देखरेखीखाली, तोंडी किंवा लेखी. दुसऱ्या मार्गावर सगळं खुलं, एआय वापरा आणि कसा वापरला ते सांगा. मधलं 'घरी करा पण वापरू नका' हे त्यांनी जवळजवळ सोडून दिलं, कारण ते तपासता येत नाही आणि न तपासता येणारा नियम प्रामाणिक मुलालाच महागात पडतो. पर्किन्स, फर्झ, रो आणि मॅकव्हॉ या अभ्यासकांनी पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली आहे: अजिबात वापर नाही इथपासून पूर्ण वापर इथपर्यंत. प्रत्येक कामावर आधीच पायरी लिहायची. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली, पुढच्या वर्षी शिक्षकांसाठी क्षमतांचा आराखडा आणला. दोन्ही वाचनीय आहेत, पण ८४ मुलांच्या वर्गात उभं राहिल्यावर त्यातलं फार थोडं कामाला येतं.

कामाला येतं ते तोंडी विचारणं. विज्ञान शाखेत प्रॅक्टिकलची तोंडी असतेच. कला-वाणिज्यला ती जवळजवळ नाहीच. मागच्या सेमिस्टरला मी प्रत्येक मुलाला त्याच्या लिखाणावर पाच मिनिटं विचारलं. ८४ गुणिले पाच म्हणजे सात तास. मी ते चार दिवसांत संपवलं. वर्गात तोंड न उघडणारी मुलं टेबलाशी एकटी बसल्यावर किती बोलतात, हे मला पंधरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. एका मुलाचं लिखाण सपशेल यंत्राचं होतं, पण पीक कर्ज नवं-जुनं करण्याबद्दल तो असं बोलला की मी वहीत टिपून घेतलं. त्याला लिहिता येत नव्हतं, कळत मात्र सगळं होतं. नुसता डिटेक्टर लावला असता तर त्याला शून्य मिळालं असतं.

हे सात तास मला परवडले कारण मी कायम नोकरीत आहे. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे सर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर आहेत. त्यांना वर्गातल्या तासाचेच पैसे मिळतात, तेही वेळेवर नाहीत. त्यांनी प्रत्येक मुलाशी पाच मिनिटं बोलावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? राज्यातल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं रिक्त जागा सीएचबीवर चालवल्या जातात. एआयच्या नैतिक वापरावर कार्यशाळा भरवणाऱ्यांनी या प्रश्नाला हात घातल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मला कळकळीने वाटतं. मूल्यमापन माणसाने करायचं तर माणूस लागतो.

आता शिक्षकांचा स्वतःचा वापर. मुलांसाठी नियम करताना आपण हे झाकून ठेवतो. प्रश्नपत्रिका, नोट्स, नॅकसाठीचे अहवाल, अभ्यास मंडळाचे मसुदे, सगळीकडे एआय पोचला आहे. मीही वापरते. एकाच उदाहरणाच्या चार आकडेवाऱ्या करून घ्यायला, इंग्रजी लेखाचा सारांश मुलांना समजेल अशा भाषेत मांडायला त्याची मोठी मदत होते. पण बहुपर्यायी प्रश्नांत दोन पर्याय बरोबर निघाल्याचं मी अनुभवलं आहे, म्हणून प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय आता मी देत नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीला शिक्षकांच्या नोट्समध्ये चॅटजीपीटीला दिलेली सूचना तशीच राहिलेली सापडली. मुलांना मनाई आणि शिक्षकांना मोकळीक कशी, म्हणत तिने त्या विषयाचं ८,००० डॉलरहून अधिक शुल्क परत मागितलं. विद्यापीठाने दिलं नाही, पण २०२५ मध्ये त्याची बातमी झाली आणि प्रश्न उरलाच. मी आता नोट्सच्या खाली लिहिते: यातला सारांश एआयकडून करून घेतला, मूळ लेखाशी ताडून पाहिला, चुका आढळल्यास सांगा. पहिल्याच महिन्यात मुलांनी दोन चुका काढल्या.

उत्तरपत्रिका यंत्राकडून तपासून घ्यायची ओढ यापुढे वाढत जाणार. इथे मी ठाम आहे: गुण देण्याचं काम यंत्राकडे जाऊ नये. इंग्लंडमध्ये २०२० साली कोविडमुळे परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा ए-लेव्हलचे, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे, गुण एका गणिती सूत्राने ठरवले. जवळपास ३९ टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या. शाळेचा आधीचा इतिहास त्या सूत्रात धरला होता, त्यामुळे मागास भागातल्या शाळेतलं हुशार मूल शाळेसोबत खाली ओढलं गेलं. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला तो निकाल रद्द झाला. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने आणली. त्यात एआय नव्हतं, तपासणारी माणसंच होती, तरी निकाल महिनोन्महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पदावरून दूर व्हावं लागलं. युरोपीय संघाच्या एआय कायद्याने शिक्षणातलं मूल्यमापन आणि प्रवेश जोखमीच्या वरच्या वर्गात टाकले आहेत, आणि वर्गात मुलांच्या चेहऱ्यावरून भावना ओळखणाऱ्या यंत्रांवर फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. आपल्याकडे असं काही येईपर्यंत थांबायचं कारण नाही. अभ्यास मंडळ आणि परीक्षा विभाग हे स्वतःहून ठरवू शकतात.

भाषेचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. आमच्याकडे येणारी मुलं मराठीतून शिकलेली, संदर्भग्रंथ इंग्रजीत. परिच्छेद वाचायला तास लागायचा, मग कंटाळून गाइडकडे. आता ती परिच्छेदाचा फोटो काढतात आणि मराठीत समजावून मागतात. हे मला अतिशय मोलाचं वाटतं. इंग्रजीच्या भिंतीशी होणारी ही झटापट माझ्या विषयातला दगडच आहे, आणि तो उचलला गेला तर मला आनंदच आहे. एआयसीटीईने २०२१-२२ पासून मराठीसह प्रादेशिक भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली, पाठ्यपुस्तकांसाठी अनुवादिनी नावाचं साधन आणलं. केंद्राची भाषिणी योजना आहे, आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत गटाने २२ भारतीय भाषांसाठी अनुवादाची खुली साधनं केली आहेत.

पण या यंत्रांचं मराठी अजून उसनं आहे. त्याचं एक कारण मोजता येतं. यंत्र मजकुराचे तुकडे करून वाचतं. ओपनएआयने मे २०२४ मध्ये स्वतः दिलेल्या उदाहरणात एकच वाक्य इंग्रजीत २७ तुकड्यांचं होतं, तर मराठीत जुन्या पद्धतीने ९६ तुकड्यांचं. नव्या पद्धतीत ते ३३ वर आलं. अंतर घटलं ही चांगली गोष्ट. मूळ अडचण मात्र मजकुराची आहे. २०११ च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींहून अधिक लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली, पण नेटवरचं मराठी ज्ञानलेखन त्या मानाने फारच तुटपुंजं. म्हणून यंत्र हिंदीकडे झुकतं. मुलांच्या कामात 'पूंजी' येतं, भांडवल येत नाही. 'आपूर्ती' येतं, पुरवठा येत नाही. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश वर्षानुवर्षांच्या मेहनतीने झाले, ते मुलांच्या हाती नाहीत आणि यंत्राच्या उत्तरांतही दिसत नाहीत. मी वर्गात एक खेळ घेते: यंत्राने केलेलं भाषांतर फळ्यावर लिहायचं आणि परका शब्द शोधायचा. 'सीमांत' शब्द मार्जिनलसाठी का आला यावर मुलं जेवढी भांडली, तेवढी ती माझ्या व्याख्यानाने कधी जागी झाली नव्हती.

यंत्राच्या ठाम आवाजाचाही धोका आहे. नसलेली पुस्तकं, नसलेले लेखक, नसलेली पानं ते सहज देतं. न्यू यॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात दिले आणि जून २०२३ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला, हे उदाहरण मी पहिल्याच तासाला सांगते. मग मुलांना कॉलेजच्या ग्रंथालयात पाठवते: यंत्राने दिलेल्या पाच संदर्भांपैकी किती कपाटात किंवा यादीत सापडतात ते बघा.

खासगीपणाबद्दल आपण फार बेफिकीर आहोत. मुलांची नावं, जात, गुण असलेल्या याद्या लोक सरळ चॅटबॉटमध्ये टाकतात, तक्ता करून मागतात. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरलं आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे. एफवायला आलेली बरीच मुलं प्रवेशाच्या वेळी सतराचीच असतात, हे आपल्या लक्षातच येत नाही. २०२५ मध्ये कंपन्यांनी भारतीय विद्यार्थ्यांना महागड्या सेवा वर्षभर फुकट द्यायला सुरुवात केली. त्यामुळे ऐपतीची दरी तात्पुरती बुजली हे खरं. वर्ष संपल्यावर, सवय लागल्यावर काय, याचं उत्तर कॉलेजकडे हवं.

पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तेव्हा माहिती घरोघर जाऊन जमवली होती. महाराष्ट्रातल्या अर्थशास्त्राची ही जुनी, चांगली रीत. पाहणी ते लिखाण या वाटेतलं शेवटचं पाऊल यंत्र झपाट्याने टाकतं. पहिलं पाऊल त्याला टाकता येत नाही, कारण ते कुणाच्या ओट्यावर जाऊन बसू शकत नाही. म्हणून माझी सगळी कामं मी आता पहिल्या पावलाकडे सरकवली आहेत.

यंदाच्या पट्टीच्या कामावर चार ओळी वाढवल्या. एआय वापरायला हरकत नाही. काय विचारलं ते जोडा. त्याचं उत्तर आणि तुमची पट्टी कुठे जुळत नाही ते शोधा. न जुळणाऱ्या ओळीबद्दल घरी किंवा बाजारात माणसाला विचारा आणि कोणाला विचारलं ते लिहा.

पहिल्या आठवड्यात ११ पट्ट्या आल्या. एका मुलीच्या पट्टीवर कपातीची एक ओळ अशी आहे की यंत्राने तिचे तीन वेगवेगळे अर्थ दिले, तिच्या काकांना नक्की सांगता आलं नाही, आणि मलाही ती ठाऊक नाही. गुरुवारी शेवटचा तास संपल्यावर आम्ही दोघी बाजार समितीच्या कचेरीत विचारायला जाणार आहोत.